काळा राजा

"मेल्यावर माझा रंग जाईल, मास्तरांनी सांगितलंय," सालोमी एकदा विहिरीवर म्हणाली होती. पाणी शेंदणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. ती हसली नव्हती.

गोखिवऱ्याच्या डोंगराखालच्या कातकरी पाड्यावरून तिला पापडीच्या वाडीत आणली तेव्हा ती सात वर्षांची होती, नाव बुधी. ॲन्सेल्म मास्तरांच्या वडिलांनी तिचा बाप्तिस्मा करवला, सालोमी नाव दिलं आणि त्याच दिवशी शेणाची पाटी डोक्यावर दिली. पस्तीस वर्षं ती केळींना पाणी सोडत होती, पानवेलीची पानं खुडत होती. बदल्यात दोन वेळची भाकरी आणि नाताळला जुनं लुगडं. नवरा सॅन्टन याच वाडीत माडावरून पडून मेला. मागे राहिली लुसी.

संध्याकाळी घरची माणसं वेदीसमोरच्या चटईवर गुडघे टेकत. सालोमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे, फरशीवर. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत. रोझरीची प्रार्थना संपली की घरी जाड बायबल उघडून नोहाची गोष्ट सांगत. दारूच्या धुंदीत उघडा पडलेला बाप, त्याला पाहणारा मुलगा हाम, आणि मग शाप.

"हामची प्रजा काळी झाली, गुलाम झाली. सालोमे, हे मी नाही ठरवलं. पण राबलीस, उलट बोलली नाहीस, तर वर देव तुला धुऊन काढील."

सालोमी मान डोलवायची. तिला बरंही वाटायचं. निदान आपलं कुठंतरी लिहून ठेवलंय. लुसी तान्ही असताना शाप थोडा तरी उतरावा म्हणून तिनं पोरीला डाळीच्या पिठानं इतकं घासलं होतं की कातडी सोलवटली.

पोरगी शाळेत का नाही, असं फादरांनी चारचौघांत विचारलं म्हणून मास्तरांनी लुसीला शाळेत जाऊ दिलं. ती सातवीत आली.

अठ्ठ्याहत्तर साल. नाताळाच्या आदल्या सकाळी ओटीवर येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण मांडायची होती. गवत अंथरून आजोबांच्या वेळच्या मूर्ती पुसायचं काम सालोमीचं. मूर्ती मांडायच्या मास्तरांनी. येशूबाळाला भेटायला आलेल्या तीन राजांतला काळा राजा ते दर वर्षी उंटामागे ठेवत. लुसीनं तो उचलून येशूबाळाजवळ ठेवला.

"त्याची जागा मागं."

"का, मास्तर? मुकुट तर त्यालाही आहे. काळा असून राजा कसा मग?"

मास्तरांची बायको व्हेरोनिका करंज्या वळता वळता फिसकन हसली. "शिकवा अजून! उद्या तुम्हालाच धर्मशिक्षण देईल."

"नोहाचं ते पान मी वाचलंय," लुसी म्हणाली. "शाप हामच्या मुलाला आहे, कनानला. काळ्या रंगाचं एक अक्षर नाही त्यात."

सालोमीच्या हातातलं फडकं थांबलं.

मास्तर ओरडले नाहीत. ते मागे जाऊन भिंतीसाठी भिजवलेल्या चुन्याचं डबडं आणि कुंचला घेऊन आले. "बरोबर बोलते पोरगी. प्रभूजवळ उभं राहायचं तर काळं कसं चालेल? सालोमे, रंगव त्याला."

"मास्तर, जुनी मूर्ती हाय..."

"रंगव."

तिनं रंगवलं. आधी हात, मग गाल. चुना काळ्यावर बसेना, म्हणून पुन्हा एकदा फासला. डोळे बुजले, नाक बुजलं, ओठ बुजले. राजा गोरा झाला नाही. मुकुटाखाली नुसता पांढरा गोळा उरला. वर धुऊन काढतात ते असं, सालोमीच्या मनात आलं.

"आता शोभतो," मास्तर म्हणाले. "आणि ऐक. जानेवारीपासून लुसीची शाळा बंद. आमच्या लेकीला, बेटीला, बोरिवलीला घरकामाला कुणी हवंय. लुसी, रडायचं नाही. तुझ्या आईला आणली तेव्हा ती तुझ्याहून लहान होती. देवानं ज्याला जे नेमून दिलंय ते त्यानं करायचं."

सालोमीनं कुंचला डबड्यात सोडला. ती मागच्या बाजूनं आत गेली, चुलीजवळच्या खुंटीवरचं लुसीचं दप्तर काढलं आणि परत येताना मधल्या खोलीतून आली, वेदीसमोरच्या चटईवरून. पस्तीस वर्षांत त्या चटईवर तिचा पाय पडला नव्हता.

"कुठं निघालीस? म्हशींचं कोण बघणार?"

"जाऊ द्या हो," व्हेरोनिका म्हणाली. "भूक लागली की येईल परत."

सालोमीनं चुन्याच्या हातानं लुसीचं मनगट धरलं आणि ती पुढच्या पायऱ्या उतरून चालू लागली.