दस्मानमध्ये रंधून काढलेली नक्षी

सावंतवाडीहून निघालो तेव्हा पेटीत फ्रेमच्या चार कोरीव सागवानी पट्ट्या, रंधा आणि पटाशी होती. सांधे कुवेतला जाऊनच जुळवायचे होते. सालमियात राहणारे देशपांडे साहेब दस्मानमधल्या एका कलादालनाची व्यवस्था बघतात. एका ग्रीक चित्रकर्तीच्या रेखाचित्रासाठी त्यांनी ही फ्रेम मागवली होती. काटकोनात वळत जाणाऱ्या नक्षीचा फोटो पाठवून बजावलं होतं, "ग्रीक म्हणजे हीच."

टॅक्सीतून समुद्र दिसला. मासळीचा वास कुठंच नाही. असला कसला समुद्र! दुपारी खुबूस (भट्टीतली पातळ रोटी) आणि डाळ खाऊन कामाला लागलो.

चित्र कोळशानं काढलेलं होतं : बंद दार पाठीवर घेऊन चाललेली बाई. फ्रेम जुळवून झाली, तोच चित्रकर्ती एलेनी आली. नक्षी बघून तिचा चेहरा उतरला. कोणी केलं हे, तिनं इंग्रजीत विचारलं. देशपांड्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणे, कारागिराची कल्पना!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तुमचा फोटो मोबाइलमध्ये आहे. तुम्ही सांगता की मी दाखवू?"

"अहो मेस्त्री, सहाला पाहुणे येतायत. तमाशा कशाला?"

"तमाशा तुम्ही मांडलात. मी फ्रेम आणली."

शेवटी त्यांनी कबूल केलं. एलेनी बराच वेळ तावातावानं बोलली. देशपांड्यांनी मान खाली घालून मला मराठीत सांगितलं, "ती म्हणते, सगळ्यांना आमच्याकडून खांब, पुतळे आणि ही नक्षीच हवी. आज आमची माणसं दारं लावून परदेशी जातायत. ते काढलं, तर विचारतात, यात ग्रीक काय?"

सावंतवाडी म्हणजे लाकडी फळं; मी काहीही घडवलं तरी गिऱ्हाईक विचारतं, लाकडी आंबे नाहीत का? मला तिचा राग तिथंच समजला.

"नक्षी रंधून काढतो," मी म्हटलं. "पण चित्राखाली माझंही नाव लागेल."

"फ्रेमवाल्याचं नाव कोण लावतं?"

"मग पट्ट्या परत पेटीत."

देशपांड्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं, लावतो."

सहाला चित्र लागलं. सागवानावर रंध्याचे ओरखडे तसेच होते. एलेनीनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे राहू दे.

परतताना विमानात देशपांड्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. अर्ध्या वाटेत त्या आटल्या. तीन आठवडे मी ती नक्षी कोरत होतो. आत कोणतं चित्र बसणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.