सतरा माणसे, अठरावी हाक

भूत, आत्मा, भास... असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे इतिहास शिकवला आणि पुराव्याशिवाय विधान करू नये, हे मुलांना बजावत आलो. आज पुरावा नसलेले एक विधान मीच करणार आहे. तेव्हा क्रमाने सांगतो.

आमच्याच शाळेतले चित्रकलेचे मोरे सर निवृत्तीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नगर दाखवायला लोकांना घेऊन जातात. आधी भुईकोट किल्ला, मग कॅम्पातले दाट झाडांचे रस्ते आणि जुने ऐसपैस बंगले, शेवटी फराहबाग. विषय माझा आणि लोक त्यांच्या मागे! माझी पत्नी सुमनसुद्धा जायची.

"तुम्ही पण चला की एकदा."

"चित्रकलेच्या मास्तरांकडून मी निजामशाही शिकू?"

"तुम्ही सांगता तेव्हा पेपर असल्यागत वाटतं," ती म्हणाली होती. "ते सांगतात तेव्हा बघावंसं वाटतं."

हे वाक्य मला फार लागले. तिच्याबरोबर मी एकदाही गेलो नाही. सुमन जाऊन आता दोन वर्षे झाली.

गेल्या फेब्रुवारीत मात्र गेलो. खरे कारण लपवत नाही – खिशात छोटी वही होती, मोरे सरांच्या चुका टिपायला.

शाळेच्या सहलीतली एक पद्धत त्यांनी तशीच ठेवली आहे. ठिकाण सोडताना सर्वांनी ओळीत उभे राहून आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. आम्ही सतरा जण होतो. सवयीने मी पहिला उभा राहिलो. किल्ल्याच्या दरवाजापाशी मोजणी झाली. एक, दोन... सतरा. आणि त्यानंतर, हसू दाबत, एका बाईचा आवाज – "अठरा."

ओळीच्या शेवटी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या पलीकडे कोणीही नव्हते.

"कोण वाढलं गं?" एका बाईंनी विचारले.

"चहा एक जास्त सांगा, सर!" कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. गुडघ्यांमुळे सुमन नेहमी मागे पडायची. शेवटचा क्रमांक कायम आपलाच, असे ती घरी येऊन हसत सांगायची.

फराहबागेत मी पद्धतशीर तपासणी केली. त्या अष्टकोनी महालाभोवती एकेकाळी पाणी होते, आता कोरडे गवत आहे. आत टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमतो, पण प्रतिध्वनी 'सतरा'ला 'सतरा'च म्हणेल, पुढचा आकडा मोजणार नाही. बाहेर मोजणीच्या वेळी मी मुद्दाम सर्वांत शेवटी उभा राहिलो.

"सतरा," मी म्हणालो.

"अठरा." माझ्या डाव्या खांद्यामागे, फार तर हातभर अंतरावर.

वळून पाहिले. गवत आणि ऊन.

मोरे सरांना बाजूला घेतले. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकतोय की. दर महिन्याला."

"दोन वर्षं? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुमी पुरावा मागितला असता, सर." ते खाली बघत राहिले. "मोठी मानसं सगळी, हरवतंय कोन? पन वहिनी येतात, म्हनून मोजनी बंद केली न्हाई. मला वाटलं... घरी तर त्या तुमच्याशी बोलतच असतील."



वही कोरीच राहिली. वाचकहो, त्या दिवशी मला भीती वाटली नाही, हेवा वाटला. एकाच छपराखाली सदतीस वर्षे काढली माझ्याबरोबर, आणि ओ दिली ती मोरे सरांच्या मोजणीला! याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असल्यास अवश्य कळवावे.

आता रोज सकाळी चहा झाला, की मी स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राहतो. स्पष्ट आवाजात म्हणतो – "एक."

आणि थांबतो.