सनदमधला मेडिकलचा इंटरव्ह्यू

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसालच! चहाचा कप तेवढा आधी खाली ठेवा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनमध्ये मी बारावीला होतो आणि डोक्यात एकच वेड: डॉक्टर व्हायचं, गावाकडे फुकट दवाखाना काढायचा. तोही ताबडतोब! अमेरिकेत एक कोर्स होता, कॉलेज आणि मेडिकल एकत्र. एकदा निवड झाली की डॉक्टर होऊनच बाहेर! जागा मोजक्या, अर्ज जगभरातून. माझा अर्ज पुढे सरकला. तिथेच शिकलेले एक बहारीनी डॉक्टर सनद नावाच्या गावात राहायचे, ते घरीच इंटरव्ह्यू घेणार होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून अर्धी रजा टाकून मला सोडायला आले. मशिदीमागे हिरवं गेट दिसलं आणि मी गाडी थांबायच्या आत उतरलो.

"आरं, कुणाचं घर हाय ते तरी इचार!"

"आप्पा, हिरवं गेटच सांगितलंय. तुम्ही बसा गाडीत!"

दारात चपलांचा ढीग. बाप रे, एवढे उमेदवार? आत लांबलचक बैठक आणि भिंतीलगत पांढऱ्या झग्यातली दहाबारा वडीलधारी माणसं. मी शिरताच सगळे उठून उभे राहिले. उमेदवार कसले, हे तर परीक्षक! एका दाढीवाल्या आजोबांनी जवळ बसवून कॉफी दिली.

आता तिथली रीत अशी, की मजलिसीत, म्हणजे घरच्या अशा बैठकीत, कुणीही यावं, आणि आलेल्याला 'का आलास?' म्हणून विचारू नये. मला कुठलं माहीत! बहारीनमध्ये वाढलो खरा, पण आमचं जग म्हणजे शाळा, फ्लॅट आणि मंडळाची भीमजयंती.

कुणी काही विचारेना. मग मीच सुरू झालो! गरिबांची सेवा, गावोगावी दवाखाने, हिंदीतून, हातवारे करत. सगळे माना डोलवत होते. "माशाल्ला, माशाल्ला!"

आजोबा म्हणाले, "तुम डॉक्टर?"

"इंशाल्ला!"

"मेरा घुटना में दर्द. बहुत."

प्रॅक्टिकल! अमेरिकन पद्धत म्हणतात ती हीच. मी झटकन खाली बसलो, गुडघा धरला, दाबला, वाकवला आणि ठणकावून सांगितलं, "संधिवात! रोज तिळाच्या तेलाने मालिश." आणि स्वतःच मालिश करून दाखवू लागलो. आजोबा गोड हसत होते. सीट खिशात!

तेवढ्यात दारातून सुटातले एक गृहस्थ आले आणि थबकले. इंग्रजीत म्हणाले, "इंटरव्ह्यूचा मुलगा तूच का? मी शेजारच्या घरात वाट बघून कंटाळलो, म्हणून इथे कॉफीला आलो! आणि माझ्या पेशंटला काय करतोयस?"

गुडघा अजून माझ्या हातातच!

पण डॉक्टर दिलदार. हसून म्हणाले, "बरं, इंटरव्ह्यू सुरू. काय झालंय यांना?"

"संधिवात, सर!"

"निदान बरोबर!" मी फुललो. मग त्यांनी आजोबांना अरबीत काहीतरी विचारलं. आजोबांनी संकोचून उत्तर दिलं आणि अख्खी मजलिस खो खो हसायला लागली. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "तू आधी साधं कॉलेज कर बाबा. चार वर्षं. मेडिकलचं नंतर बघू." आणि आजोबांचं उत्तर मला समजावून सांगितलं.

मी गाडीत येऊन बसलो. आप्पांनी उत्सुकतेने विचारलं, "काय इचारलं रं?"

"एका आजोबांचा गुडघा दुखत होता. त्याला काय झालंय, ते."

"मग? बरोबर सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं, आप्पा. पण मी ज्या गुडघ्याला मालिश करत होतो, तो ठणठणीत होता. दुखणारा दुसरा. पाहुण्याचं मन कसं मोडायचं, म्हणून ते बिचारे गप्प बसले होते!"