येसूबाईची मशीन

एकतीस वर्षं मी कोर्टाचा बेलीफ होतो. ज्या दारात गेलो तिथे कुणी 'या, बसा' म्हटलं नाही. मला त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते एकदाच, येसूबाईच्या दारात.

साल अठ्ठ्याहत्तर, खोपोलीजवळचं गाव. तिच्या नवऱ्यानं, सहदेवनं, कारखान्यातल्या सोबत्याला पेढीच्या कर्जासाठी जामीन राहून सही केली होती. सोबती परागंदा झाला, पेढीनं दावा जिंकला आणि जप्तीचं वॉरंट सहदेवच्या नावानं निघालं. त्यात कारखान्याला टाळं. तो रसायनीला काम शोधायला गेलेला आणि घर चाललेलं येसूबाईच्या शिलाईवर.

मी गेलो तेव्हा ती चोळी शिवत होती. पेढीचा कारकून हेमचंद्र माझ्यासोबत होता. भांडी, अंथरुणं, मंगळसूत्र यांना कायदा हात लावू देत नाही. बाकी घरात होतं काय? हेमचंद्रनं शिलाई मशीनकडे बोट दाखवलं.

"बाई, ही मशीन कुणाची?" मी विचारलं.

तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली, हे शेजारणीनं मला वाटेतच सांगितलं होतं. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोची वस्तू नेता येत नाही. ती 'माझी' म्हणाली असती, तर मी तसं लिहून मशीन सोडून आलो असतो.

"समदं यांचंच हाय," येसूबाई पदर सावरत म्हणाली.

"नीट आठवा. पैसे कुणी भरले?"

"बाईमानसाचं काय असतंय, भाऊ? यांचंच."

हेमचंद्र खाकरला. तिला उत्तर सुचवायची मला मुभा नव्हती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी नोकरीला भ्यालो. पंचनाम्यात 'सहदेवच्या मालकीची' लिहिलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. सुईखालची अर्धी चोळी तिनं दातानं दोरा तोडून काढून घेतली.

लिलावात मशीन बाजारातल्या शिंप्यानं घेतली. सात वर्षांनी त्याच्याकडे सदरा शिवायला गेलो, तर त्याच मशीनवर येसूबाई, रोजंदारीनं. तिनं मला ओळखलं.

"भाऊ, तवा मी 'माजी' बोलली असती, तर ऱ्हायली असती का?"

"नाही हो. तरीही न्यावीच लागली असती."

"मंग बरं. इतकी वर्सं वाटत व्हतं, माज्याच तोंडानं घालवली."

ती पुन्हा शिवायला लागली. मी माप न देताच घरी आलो.