तगरीवरचा पतंग, शेवग्यावर कुऱ्हाड

तो पतंग स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला चिकटून बसला होता. गर्द हिरवा, त्यात पांढुरके-गुलाबी पट्टे, पंख मागे निमुळते होत गेलेले. बोईसरला येऊन इतकी वर्षं झाली, तळमजल्यामागच्या या चिंचोळ्या बागेत नाही नाही ते किडे पाहिले, पण असला कधी नाही. मी फोटो काढत होते, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मागे येऊन उभे राहिले. न बोलावता येणं हा त्यांचा जुना गुण.

"हाच तो! ह्याच्याच अळ्या शेवग्यावर होतात. केसाळ, अंगाला लागल्या की खाज. वहिनी, झाड काढावं लागेल."

शेवगा माझा. म्हणजे लावला मी, वाढवला मी; जमीन सोसायटीची. पश्चिमेचं ऊन आणि तारापूर रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ अडवायला माझ्या खिडकीपुढे तेवढं एकच झाड होतं. सेक्रेटरींनी नवी गाडी घेतलीय आणि ती लावायला जागा नाही, हे बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण गाडीचं नाव कोण काढतो? बदनाम कोण, तर पतंग!

रविवारी मीटिंग होती. तोवर हा पतंग कोणता ते शोधायचंच, असं मी ठरवलं. "कशाला नादी लागतेस?" नवरा दुसऱ्या पाळीला जाता जाता म्हणाला. त्याचाही राग आला.

मोबाइलवर पतंगांचे फोटो बघून बघून डोळे चुरचुरले. शेवग्यावरच्या अळ्यांचा पतंग आधी मिळाला. फिका पिवळसर, लोकर पांघरल्यासारखा. माझ्या पाहुण्याचं त्याच्याशी काडीचं नातं नव्हतं. हा निघाला कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणारा. अळी गुळगुळीत, शेपटाकडे छोटं शिंग, पुढे दोन निळे ठिपके, डोळे वटारल्यासारखे. मी तशीच गेटजवळच्या तगरीकडे गेले, पानं उलटीपालटी केली. होती! हातावर घेतली, कोपरापर्यंत चालू दिली. खाज नाही, पुरळ नाही, काही नाही.

मीटिंगमध्ये सगळं फोटोंसकट मांडलं. "अळ्यांसाठी झाड तोडायचं तर तगर तोडा," मी म्हटलं.

"तगर कशी तोडणार? देवाला फुलं लागतात." मागून कोणीतरी म्हणालं, तशा दोघीतिघी हसल्या. मग सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो वहिनी. पण झाडाचं ठरलंय."

बरोबर असेल! मला खोटं पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या शेंगा न खाल्लेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. नवरा आपल्या चपलांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. शेवग्याचं लाकूड ते काय, काकडीसारखं तुटतं. चहा उकळेपर्यंत झाड आडवं. मुरब्याहून मासे विकायला येणाऱ्या मावशीने दारात टोपली उतरवली आणि बघतच राहिली.

"कशाला तोडलं, बाय? रोग होता काय?"

"रोग कसला! गाडीला जागा पाहिजे."

मी कोयता घेऊन फांद्या वेगळ्या करायला बसले होते. रडू येत होतं, पण वर गॅलरीत उभ्या असलेल्या सेक्रेटरींसमोर रडायचं नव्हतं. मावशीने एक जाडशी फांदी उचलली. "ही आमाला दे. घरामागं लावते."

ती गेल्यावर उरलेल्या फांद्यांचे मी हातभर तुकडे केले. जिथे गाडी यायची होती तिथेच खड्डे खणले आणि ते ओळीने रोवले, प्रत्येकाला तांब्याभर पाणी घातलं. वरच्या गॅलरीतून सेक्रेटरी ओरडले, "वहिनी, हे काय चाललंय?"

"उपटायचे असतील तर खाली या," मी म्हटलं आणि घरातून खुर्ची आणून तिथेच बसले.