रॉड काय म्हणतो?

रॉडला सुतळी बांधून तो लोंबता धरायचा, छोट्या हातोडीनं त्यावर हलकेच ठोकायचं, आणि डोळे मिटून विचारायचं, "काय म्हन्तो?" मोटार दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री असे होते. नव्या माणसाला वाटायचं, ते रॉडलाच विचारताहेत. पण लगेच एक डोळा उघडून ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

मी जालन्यातला सोनार. निजामाच्या अमलात जालना-भोकरदन दोन मोटारी धावायच्या, त्यांतल्या एकीचं इंजिन मिस्त्रींच्या हाती. इंजिनात चार पिस्टन, आणि प्रत्येकाला खालून धरणारा एकेक दांडा, तोच रॉड. चारही एका वजनाचे नसले तर इंजिन थरथरतं, म्हणून मिस्त्री माझ्या चांदीच्या काट्यावर रॉड तोलायला यायचे. जड निघेल तो तिथंच कानशीनं घासायचे.

"गुंजभर फरक राहिला, मिस्त्री. चालेल की."

"गुंजभर म्हंजे बराबर न्हाई, सोनारशेट."

आमच्या दुकानाची धूळ नेऊन त्यातला सोन्याचा कण शोधणारा झारेकरी लोखंडाच्या किसानं शेवटी वैतागला. म्हणाला, तुम्ही लोहार कधी झालात ते तरी सांगायचं.

वजन जुळलं की आवाज. निजामाचा हाली रुपया खोटा असला की दगडावर बद्द वाजतो, तसाच तडा गेलेला रॉडही. एकदा मी गंमत म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "तडा आहे." मिस्त्री म्हणाले, "बरं, ठिवतो बाजूला." मी आवाजच काढला नव्हता, हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. ते म्हणाले, "मालकाला सांगू नका. बहिऱ्याच्या हातात इंजन कोन देतंय?"

मी कुणाला सांगितलं नाही. एवढं एक मी बरोबर केलं.

पुढं दुसरी मोटार रोज आधी पोचायला लागली आणि मालकाला झोप येईना. त्यानं मुंबईहून ॲल्युमिनियमचे हलके पिस्टन मागवले, जोडीला पोतंभर जुने रॉड आणले. "बाजाराच्या दिवशी आपली गाडी पुढं पायजे, मिस्त्री."

"पळंल, मालक. पन जितकी पळंल तितका रॉडवर ताण. निवडायला जल्दी नका करू."

ते पोतं घेऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक होतं, आणि नवरीचे मामा पाटल्यांच्या घडणावळीवरून भांडत होते. तीन रॉड निवडून झाले. चौथा मिस्त्रींनी लोंबता धरला, ठोकला. "काय म्हन्तो?"

मी मामांचं ऐकत होतो. "चांगला आहे," मी म्हणालो. पुन्हा ठोका म्हणायला किती वेळ लागला असता?

बाजाराच्या दिवशी आमच्या मोटारीनं दुसरीला हसनाबादच्या अलीकडेच गाठलं. हसनाबाद ओलांडल्यावर चौथा रॉड तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. कुणाला लागलं नाही. लोक गाठोडी घेऊन पायी बाजाराला गेले.

दुसऱ्या दिवशी मालक तुटका रॉड आणि मिस्त्रींना घेऊन माझ्या दुकानात आला. तुटलेल्या जागेत जुन्या तड्याची काळी रेघ आंधळ्यालाही दिसली असती. "हा चांगला म्हणून कुणी सांगितलं?"

मी उठलो. बोलणारही होतो, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण मिस्त्रीच आधी बोलले, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मालक, मला ऐकू येत न्हाई. दोन साल झाले. मीच लपवून राह्यलो. सोनारशेटनं निस्ता काटा दिल्ता."

त्यानंतर जालन्यात कुणी त्यांच्या हातात पाना दिला नाही. परतूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलतात, असं कानावर आलं.

वर्षभरानं मी परतूरला गेलो. सगळं कबूल करायचं असं ठरवूनच गेलो होतो. जिनिंगच्या आवारात ते पाठमोरे दिसले, खांद्यावर गासडी. पन्नास पावलं असतील. फाटकातूनच मी हाक मारली, "मिस्त्री!"

ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच मारता आली.