ग्रिड हीच आपली बॅटरी

गच्चीवर सोलर बसलं त्या दिवसापासून मी गल्लीतला सगळ्यात असह्य माणूस झालो. नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आलेला, इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवणारा मास्तर, त्यात डोक्यावर स्वतःची पॅनल! दूध आणायला निघालो तरी कुणाला तरी गाठून आज किती युनिट झाली ते मोबाईलवर दाखवायचो. लोक मला बघून रस्ता बदलायचे, असं बायको म्हणते. मला वाटायचं, त्यांना पोह्यांची घाई असेल.

पॅनल बसवणाऱ्यानं विचारलं होतं, "सर, बैटरी भी डलवा लो?" मी त्यालाच शिकवलं. दिवसा जादा झालेली वीज लाइनीत सोडायची, रात्री लागेल तेवढी परत घ्यायची, म्हणजे ग्रिड हीच आपली बॅटरी! हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वर्गातही दोनदा ऐकवलं.

शेजारच्या काकूंना युनिटांशी काही घेणं नव्हतं. तीन पिढ्या इंदुरात काढलेलं मराठी घर. काकूंची फुफ्फुसं थकलेली, नाकात नळी आणि पलंगाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन. लाइट गेली की ते घरातल्या इन्व्हर्टरवर चालायचं. त्याची बॅटरी पार बसली, म्हणून काकूंचा मुलगा नवी आणायला निघाला, तर फाटकात नेमका मी.

"नवी कशाला? मी आहे ना! आपल्याकडे लाइट जाते ती दुपारीच. तेव्हा माझ्याकडे ऊन पडून असतं. सरळ वायर टाकू."

आतून काकूंनी विचारलं, "भिया, पक्कं ना?" इंदुरात भाऊ म्हणायचं तर 'भिया'च.

"एकदम पक्कं, काकू."

मुलानं जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि नवी आणलीच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वायरचं भेंडोळं मी आधीपासून तयार ठेवलं होतं. काकूंच्या सुनेनं हाक मारायच्या आत मी त्यांच्या खिडकीतून वायर आत टाकली, मशीनची पिन लावली, बटण दाबलं.

काही नाही. धावत गच्चीवर गेलो. वर रणरणतं ऊन आणि माझ्या सोलरच्या डब्यावर लाल दिवा.

मग आठवलं. आठवलं कसलं, दरवर्षी पोरांना मीच तर उतरवून देतो! लाइनीत वीज नसली की असलं बिनबॅटरीचं सोलर आपणहून बंद पडतं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसायचा. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. त्यावर मी कित्येकांचे मार्क कापलेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

खाली आलो तर काकूंना अडीअडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावलेला, त्याचा काटा उतरत चाललेला. काकू डोळे मिटून मोठमोठ्यानं श्वास ओढत होत्या. काही सुचेना, तेव्हा मी सुनेला समजावायला लागलो, की सुरक्षेच्या दृष्टीनं पाहिलं तर ही यंत्रणा अगदी बरोबर वागते आहे.

"सर, ते नंतर सांगा," ती म्हणाली. "आत्ता लाइट कुणाकडे आहे?"

लाइट कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याकडे होती. त्याचा इन्व्हर्टर चालू होता. मुलानं आणि सुनेनं काकूंना खुर्चीसकट उचललं, मी मशीन घेतलं. कचोरीवाल्यानं एकदा काकूंकडे पाहिलं आणि ओरडला, "पंखे बंद करो रे! ट्यूब भी बंद! सब अम्मा को!" गिऱ्हाइकं घामाघूम होऊन कचोरी खात राहिली. एकानंही कुरकुर केली नाही. मशीन घरघरायला लागलं आणि हळूहळू काकूंच्या ओठांवरचा निळसरपणा गेला.

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. "काकू, चूक माझी. मला माहीत असायला हवं होतं. म्हणजे, मला माहीतच होतं. कसं आहे, की..."

"गप बैस रे भिया," काकू म्हणाल्या. "हवा मला लागून राहिली आणि खर्च तू करतोय."

लाइट दोन तासांनी आली. मी लगेच बॅटरी असलेलं सोलर करून घेतलं आणि सांगायला गेलो, की आता खरंच काळजी नाही. काकू गोड हसल्या. "हो हो, छान केलं," म्हणाल्या.

आठवड्याभरात त्यांचा मुलगा रिक्षातून नवी बॅटरी उतरवताना दिसला. लागलं मनाला. पण कुठल्या तोंडानं बोलणार? पुढे होऊन मी एक बाजू धरली. चांगलीच जड होती. दोघांनी मिळून ती जिन्याखाली नेऊन ठेवली.

"थँक यू हां, सर," तो म्हणाला. मग खिशातून मोबाईल काढून त्यानं इलेक्ट्रिशियनला फोन लावला. "भिया, आ जाओ, बैटरी का कनेक्शन करना है." मी शेजारीच हात पुसत उभा होतो.